हरवली न्हाय, निघून आले

उचगावच्या रिक्षा स्टॉपजवळच्या चहाच्या टपरीवर, पत्र्याला चिकटवलेला स्वतःचा फोटो पवित्रानं पाहिला, तेव्हा तिला आधी साडी ओळखू आली आणि मग चेहरा. मोरपंखी साडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. नणंदेच्या लग्नातला फोटो होता. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला कापून टाकलं होतं, पण तिच्या खांद्यावरची त्याची चार बोटं तेवढी राहून गेली होती.

फौंड्री सुटून बायकांचा घोळका घराकडं चालला होता. सगळ्यांच्या अंगाला वाळूचा आणि करपलेल्या तेलाचा वास. पवित्रा थांबली म्हणून बाळाबाई थांबली. "काय बघालीस गं?" म्हणत तिनंही मान वर केली आणि कागद मोठ्यानं वाचायला लागली.

"हरवली आहे. सौ. पवित्रा प्रभुलिंग... वय एकोणतीस, रंग गोरा, उंची मध्यम. कानडी व मराठी बोलते. मानसिक संतुलन बिघडल्यामुळे..." बाळाबाईचा आवाज अडला. "आगं, तुला येडी करून टाकलीया की ह्यांनी!"

पवित्रा मराठी फर्डं बोलायची. वाचायला मात्र तिला वेळ लागे, कारण तिची सातवीपर्यंतची शाळा कानडी. तिनं बोट ठेवून तो शब्द स्वतः वाचला. मग आणखी एकदा वाचला. टपरीवाला ग्लास विसळता विसळता एकदा कागदाकडं आणि एकदा तिच्याकडं बघत होता.

"काय बघताय पावणं? मीच हाय ती," ती म्हणाली, आणि वरच्या कोपऱ्यापासून कागद असा जपून सोडवला की कुठं जरासुद्धा फाटला नाही.

"आता गं?" बाळाबाईनं विचारलं.

"आता काय? हरवलेली बाई सापडली म्हणून पोलिसांस्नी सांगाय नको व्हय?"

पवित्रा संकेश्वरच्या बाजूच्या एका खेड्यातली. बाप गुरुपाद तंबाखूच्या वखारीत कामाला होता आणि संध्याकाळी मठात पोरांकडून वचनं पाठ करून घ्यायचा. खड्या आवाजाचा माणूस. आई मल्लव्वा शेतावर जायची. तिला मराठी म्हणून 'बरं हाय' एवढंच येत होतं, आणि तेही ती कुणी काही विचारलं नसताना म्हणायची.

पवित्राला दिली ती पेठ वडगावच्या पल्याड, बाजाराच्या गावात. जात एक, लिंग गळ्यात दोन्ही घरांच्या, पण सासरचं घर दोन पिढ्यांपासून मराठी झालेलं. सासूला कानडी यायचं, पण ते तिला खेडवळ वाटे. नवरा प्रभुलिंग याचं कापडाचं दुकान. हात उचलणारा माणूस नव्हता तो. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, गावात नाव चांगलं होतं. त्याचा नियम एकच: "माझ्या घरात मला न कळणारं काय बोलायचं न्हाय." माहेरचा फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा, आणि पवित्रानं मराठीतच बोलायचं. मल्लव्वा कानडीत विचारायची, लेक मराठीत उत्तर द्यायची, आणि आईला लेकीचा नुसता आवाज तेवढा कळायचा. पुढं पवित्राचा फोन बिघडला. दुरुस्तीला म्हणून तो दुकानाच्या गल्ल्यात गेला आणि तिथंच राहिला.

अशी नऊ वर्षं गेली. मग प्रभुलिंगनं दुसरं दुकान काढलं. उद्घाटनाला पै-पाहुणे, व्यापारी, पुढारी, असा सगळा गाव लोटला होता. पवित्रा पहाटेपासून पुरणपोळ्या लाटत होती, आल्यागेल्याला हसून वाढत होती. संध्याकाळी मांडव सोडवायला माणसं आली, तेव्हा प्रभुलिंग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "तुझे वडील गेले. काल माती दिली. मुद्दाम सांगितलं न्हाय, शुभकार्यात अपशकुन नको म्हणून."

हातातली परात तिनं खाली ठेवली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो तिला माहेरी घेऊन गेला. मल्लव्वा भिंतीला टेकून बसली होती. लेकीला बघून तिनं तोंड फिरवलं. पवित्रा पायाशी बसून राहिली, तरी आई एक शब्द बोलली नाही. असं का, हे पवित्राला कळेना. उशीर झाला म्हणून रागावली असेल, असं तिनं धरलं. विचारायचं होतं, पण प्रभुलिंग शेजारीच उभा होता आणि गाडी चालू ठेवली होती.

त्यानंतर बरेच दिवस ती घरात नेहमीसारखी वावरली. भांडली नाही, रडली नाही. एके दिवशी दुपारी सासू निजली असताना तिनं दोन साड्या पिशवीत घातल्या, दार ओढून घेतलं आणि वडगावच्या स्टँडवर येऊन कोल्हापूरच्या एस्टीत बसली. शेजारी एक धिप्पाड बाई मांडीवर शेंगांचं गाठोडं घेऊन बसली होती.

"कुठं निगालीस गं?" त्या बाईनं विचारलं.

"ठाऊक न्हाय."

"मग तिकीट कुठलं काढलंस?"

"तुम्ही काढलासा तिथलंच."

ती बाई म्हणजे बाळाबाई. विधवा, उचगावात दोन खोल्या, फौंड्रीत कोअरच्या कामाला. इंजिनाच्या किंवा पंपाच्या भागात जिथं पोकळी राखायची असते, तिथं बसवायला वाळूचे गाभे करतात, ते कोअर. साच्यात वाळू ठासायची आणि कड न फुटता गाभा अलगद बाहेर काढायचा. असल्या कामावर बऱ्याच ठिकाणी बायकाच असतात. आठवड्याभरात पवित्राही तिथं वाळू ठासू लागली. सुरुवातीला तिचे गाभे फुटायचे, मुकादम करवादायचा. मग फुटायचे थांबले.

कागदावर ज्या ठाण्याचा नंबर होता, तिथं ती दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेली. बाळाबाई सोबत होतीच. ती सोडते कुठली!

हवालदार अंबादास पोवार टेबलावर जेवणाचा डबा सोडत होते. पवित्रानं डब्याशेजारी कागद पसरला. "ही मी. हरवली न्हाय, निघून आले. तसं लिवून घ्या."

पोवारांनी कागद बघितला, तिला बघितलं आणि डब्याचं झाकण परत लावलं. "बसा," ते म्हणाले. "बाई, तुमच्या मिसिंगचा तपास माझ्याकडं हाय. तुमच्यापायी मी संकेश्वर केलं, निपाणी केली, स्टँडवरचे कॅमेरे बघून डोळं फुटायची पाळी आली. पंचगंगेत एक बेवारस बाई मिळाली, ती वळखायला तुमच्या मालकाला घेऊन गेलतो. कापड बाजूला करायच्या आधीच रडला तो."

हे पवित्राला ठाऊक नव्हतं. "रडलं आसतील," ती म्हणाली. "माज्या बापासाठी मला रडू दिलं न्हाय त्यांनी."

पोवारांनी सगळं ऐकून घेतलं आणि जबाब लिहायला घेतला. त्यांचा हात सरावाचा होता. लिहून झाल्यावर त्यांनी कागद पुढं सरकवला. "सही करा."

"वाचून दाखवा."

"मराठी येतंय की तुम्हाला."

"बोलाय येतंय. वाचाय हळू येतंय. तुम्ही वाचा."

पोवार वाचायला लागले. "मी किरकोळ घरगुती कारणावरून रागाच्या भरात कोणास काही एक न सांगता निघून गेले होते. आता माझी समजूत पटली असून..."

"थांबा. किरकोळ कुणाला म्हणालाय? माझा बाप किरकोळ?"

"तसं न्हवं बाई, लिवायची पद्धत असती."

"आणि राग कुटला? मी शांत डोक्यानं आले. समजूत कुणी पटवली माजी? मी तर आत्ता आलीया."

"मग काय लिवू?"

"मी बोलले ते लिवा."

"आवो, हा जबाब हाय का पोवाडा?"

"पोवाडा आसता तर तुम्ही तरी ऐकला आसता," बाळाबाई मध्येच म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या प्रियदर्शनी नावाच्या शिपाई पोरीला हसू आवरेना.

पोवारांनी कागद फाडला, नवा घेतला. या वेळी त्यांनी तिचं वाक्य ऐकायचं, मग लिहायचं असं केलं. मध्ये मध्ये ते कुरकुरत होते, पण लिहीत होते. झाल्यावर पवित्रानं तो कागद प्रियदर्शनीकडून पुन्हा वाचून घेतला. "इस्वास न्हाय व्हय माझ्यावर?" पोवार म्हणाले. "तुमच्यावर हाय साहेब," ती म्हणाली. "पद्धतीवर न्हाय." आणि तिनं कानडीत सही केली.

तोवर ठाण्यातून निरोप गेल्यामुळं प्रभुलिंग आला होता. खंगलेला दिसत होता, दाढी वाढलेली. "चल घरी," तो म्हणाला. "झालं गेलं ते सोड. डॉक्टरला दाखवू आपण."

"मला काय झालंय डॉक्टरला दाखवायला?"

"शाण्या बायका अशा जात्यात व्हय?"

"जात्यात," पवित्रा म्हणाली. "गेल्याबिगर शाणपण कळत न्हाय, म्हणून जात्यात."

बाई सज्ञान, कुठं राहायचं ते तिचं ती बघेल, असं सांगून पोवारांनी तपास बंद केला. पण प्रभुलिंगच्या घरात तो बंद झाला नाही. सासरी एक काका होते, घरातले कारभारी. कोर्टकचेऱ्या, सोयरिकी, भाऊबंदकी, सगळं तेच बघायचे. त्यांच्या सल्ल्यानं प्रभुलिंगनं थेट हायकोर्टात अर्ज केला. आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नव्हती, हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसायला लागलं होतं. एखाद्याला कुणी डांबून ठेवलं असेल तर त्याला कोर्टापुढं हजर करा, अशा तऱ्हेचा तो अर्ज. डांबणारी म्हणून बाळाबाईचं नाव.

नोटीस घेऊन प्रियदर्शनी आली, तेव्हा बाळाबाई पाटा धूत होती. "मी हिला डांबीन?" ती ओरडली. "ही बया मलाच कुलूप घालून कामाला जाईल!"

विधी सेवेतून त्यांना वकील मिळाली ती संयोगिता चौगुले. पोरसवदा, जलद बोलणारी. तिनं अर्ज वाचून त्याचा मथितार्थ सांगितला. "त्यांचं म्हणणं असं आहे, की तुम्ही मूळच्या कानडी. पोलिसांनी जबाब मराठीत घेतला, तो तुम्हाला कळलेलाच नाही. म्हणून तो जबाब धरू नये. तुम्हाला तुमच्या भाषेत विचारावं, आणि दुभाष्या म्हणून त्यांचे काका हजर राहतील."

पवित्रा आधी नीट ऐकत राहिली, आणि मग अशी हसायला लागली की डोळ्यांत पाणी आलं. "नऊ वर्सं कानडी बोलू दिलं न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "आणि आता म्हणत्यात, हिला मराठी येत न्हाय!"

तारखेच्या दिवशी सीपीआर दवाखान्यासमोरच्या कोर्टाच्या इमारतीत काळ्या कोटांची रीघ लागली होती. पवित्रा फौंड्रीतल्या बायकांनी दिलेली इस्त्रीची साडी नेसून आली होती. आत शिरताच तिला मागच्या बाकावर आई दिसली. मल्लव्वाला प्रभुलिंगनं गाडी पाठवून आणलं होतं. लेकीचं डोकं फिरलंय, आईला बघून ठिकाणावर येईल, असं तिला सांगितलं होतं. पवित्रानं "अव्वा" म्हणून हाक मारली. मल्लव्वानं खिडकीकडं बघितलं.

पुकारा झाला. दोन न्यायमूर्ती होते. एक मराठी, केस पांढरे झालेले. दुसरे बाहेरच्या राज्यातले. काम इंग्रजीत सुरू झालं. प्रभुलिंगच्या वकिलांनी आयत्या वेळी आणखी एक प्रतिज्ञापत्र दिलं. संयोगिता ते उभ्या उभ्या चाळत होती, चाळता चाळता हरकत घेत होती. पवित्रा एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मध्येच तिचं नाव येई. 'वाइफ' येई, 'मेंटल' येई, 'फौंड्री' येई. बाकी सगळा नुसता आवाज. तिला वाटलं, आपलं मयत समोर ठेवलंय आणि ही माणसं पुढच्या तयारीचं बोलताहेत. एवढ्यात काका उठून पुढं आले, उपरणं सारखं करत तिच्या शेजारी उभे राहिले आणि कानडीत म्हणाले, "पोरी, मी सांभाळून घेतो."

पवित्रा दोन पावलं बाजूला सरकली आणि तिनं हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ.

"बोला बाई," मराठी न्यायमूर्ती म्हणाले.

"साहेब, मघाधरनं माझं नाव घेऊन तुम्ही सगळी बोलालाय. मला एक अक्षर कळलं न्हाय. काय बोललासा ते आधी मला सांगा, मग मी सांगते."

प्रभुलिंगचे वकील वळून म्हणाले, "बाई, इथं कामकाज इंग्रजीत चालतं. तुमच्या वकील नंतर समजावून सांगतील."

"नंतर म्हंजे? निकाल लागल्यावर? घर माझं, नवरा माझा, डोकं माझं. आणि मलाच मागनं सांगणार?"

"म्हणूनच तर दुभाष्या दिलाय तुम्हाला."

"ह्यांच्या तोंडानं मी बोलणार न्हाय. मला तोंड हाय."

दुसऱ्या न्यायमूर्तींनी काहीतरी विचारलं. पांढऱ्या केसांच्या न्यायमूर्तींनी त्यांना हळू आवाजात तिचं बोलणं सांगितलं. दोघं थोडा वेळ आपसात बोलले. मग मराठी न्यायमूर्ती म्हणाले, "बाई, हवं तर आम्ही तुमच्याशी चेंबरमध्ये बोलतो. तिथं तुमच्याशिवाय कुणी नसेल. तुम्हाला मोकळेपणानं सांगता येईल."

संयोगितानं घाईनं मान हलवली, हो म्हणा अशी. चांगली संधी होती ती. पवित्रालाही साहेब भले वाटले होते. पण तिनं मान हलवली नाही.

"तुमचे उपकार हाईत, साहेब. पर मी येडी हाय म्हणून ह्यांनी खांबाखांबावर लावलं. ते चारचौघांत झालं. माझं उत्तर बी चारचौघांतच हुंदे."

कोर्टात चुळबुळ झाली. न्यायमूर्तींनी चष्मा काढला, समोरचे कागद जवळ ओढले आणि मराठीत सांगायला लागले. अर्जात काय म्हटलं आहे, पोलिसांचं म्हणणं काय, बाळाबाईवर आरोप काय. कुठं मराठी शब्द सुचेना, तिथं ते थांबत आणि आठवून पुढं जात. पवित्रा कान देऊन ऐकत होती. शेवटी ते आज दिलेल्या प्रतिज्ञापत्रापाशी आले.

"तुमच्या मानसिक स्थितीचा पुरावा म्हणून त्यांनी असं म्हटलंय, की तुमचे वडील अत्यवस्थ असताना आणि वारल्यावरही माहेरहून वारंवार निरोप आले. घरच्यांनी तुम्हाला खूप समजावलं. तरी तुम्ही जायला साफ नकार दिलात."

पवित्राच्या डोळ्यांपुढं भिंतीला टेकून बसलेली आई आली, आणि ते तोंड फिरवणं. ते कोडं आत्ता, इथं, परक्याच्या तोंडून सुटत होतं. म्हणजे आईला सांगितलं होतं की लेकीनंच यायला नकार दिला. आणि इतके दिवस आई ते पोटात घेऊन बसली होती.

ती वळली. न्यायमूर्तींकडं तिची पाठ झाली, याचं तिला भान राहिलं नाही.

"अव्वा!" ती मोठ्यानं म्हणाली. बापाचाच खडा आवाज. "ननग यारू हेळलिल्ल, अव्वा! यारू हेळलिल्ल!"

मल्लव्वानं खिडकीवरची नजर काढली.

"काय म्हणाल्या त्या?" न्यायमूर्तींनी विचारलं.

काका पुढं झालेच होते. "साहेब, ती म्हणते, मला आईकडं जायचंय, मला घरी न्या."

"खोटं!" पवित्रा गर्रकन वळली. "मी म्हटलं, मला कुणी सांगितलं न्हाय. बाप गेल्याचं मला कुणी सांगितलं न्हाय! साहेब, मला मराठी कळत न्हाय म्हणत्यात न्हवं हे? मग ह्यांची लबाडी मला कशी कळली?"

प्रभुलिंगच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मागं मल्लव्वा उठली होती. बाकाला धरून, काठी टेकत ती पुढं यायला लागली. शिपायानं अडवलं, तर तिनं काठीनंच त्याचा हात बाजूला केला. काकांकडं बोट करून ती कानडीत भडाभडा बोलायला लागली.

आता संयोगिता उभी राहिली. या प्रकरणाशी संबंध नसलेला दुभाष्या मिळावा, अशी तिनं विनंती केली. मागच्या रांगेत गडहिंग्लजकडचे एक वयस्कर वकील बसले होते, ते उभे राहिले. त्यांना शपथ दिली गेली. मल्लव्वा बोलेल तसं ते सांगत गेले, स्वतःचं काही न घालता.

"ही बाई म्हणते, नवरा अंथरुणावर होता तेव्हा मी जावयाच्या फोनवर फोन केले. जावयाला माझं बोलणं कळत नाही, म्हणून फोन ह्या काकांकडं दिला जायचा. माझा नवरा पोरीचं नाव घेत होता. ह्यांनी मला सांगितलं, तुझी पोरगी यायला तयार नाही. तिला आता माहेरची लाज वाटते. मी ते खरं मानलं. मी माझ्या लेकीला..." वकील तिथं थांबले. मल्लव्वाच थांबली होती.

पुढचं फार लांबलं नाही. तुम्हाला कुठं राहायचं आहे, असं न्यायमूर्तींनी विचारलं. पवित्रानं "उचगावात" म्हणून सांगितलं. कुणी जबरदस्ती केली? "भूक लागल्यावर जेव म्हणून बाळाबाई करती, तेवढीच." मग तिनं वकिलांमागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बोट केलं. "ह्या प्रभुलिंगच्या घरी मी जाणार न्हाय." नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा घेतलं. तिलाच ते नवखं वाटलं, म्हणून की काय, तिनं ते पुन्हा एकदा घेतलं. बाई सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं राहते, तिला कुणी डांबलेलं नाही, असा आदेश इंग्रजीत सांगून झाला, आणि तो पांढऱ्या केसांच्या न्यायमूर्तींनी तिच्यासाठी मराठीतही सांगितला. चुकीच्या भाषांतराबद्दल काकांना त्यांनी असं खडसावलं, की त्यांचं उपरणं खांद्यावरून घसरलं तरी त्यांना ते उचलायचं सुचलं नाही.

बाहेर व्हरांड्यात प्रभुलिंग आडवा आला. त्याचा चेहरा पडला होता. काकांनी फोनवर नेमकं काय सांगितलं, ते कदाचित त्यालाही आजच कळलं असेल. पवित्राला ते ठरवता आलं नाही, आणि तिनं ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

"मी तुला किती शोधलं, गं," तो म्हणाला.

"शोधलासा. पर घरात हुते तवा एक शब्द तरी विचारलासा व्हय?"

मल्लव्वा त्या गाडीतून परत गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कामानं खरखरीत झालेले तळवे उलटेपालटे करून बघितले. गुरुपादसाठी रडायचं राहून गेलेलं सगळं मायलेकी तिथंच रडल्या. येणारेजाणारे बघत होते. बाळाबाई पदराचा आडोसा धरून त्यांना म्हणाली, "काय तमाशा हाय? जावा की आपापल्या कामाला."

मल्लव्वा महिनाभर उचगावात राहिली. तिच्यात आणि बाळाबाईत एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण चुलीवरून भांडायला त्यांचं काही अडलं नाही.

आता घटस्फोटाचं प्रकरण कसबा बावड्याच्या कोर्टात चालू आहे. गेल्या तारखेला प्रभुलिंगच्या बाजूनं समझोत्याचा मसुदा आला. दोघांच्या संमतीनं मोकळं व्हायचं, कुणी कुणावर आरोप करायचा नाही. संयोगितानं तो तिला ओळ न् ओळ वाचून दाखवला. सगळं ठीक होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पत्नी गैरसमजातून घर सोडून गेली.'

"हे काढा," पवित्रा म्हणाली.

पलीकडच्या वकिलांनी विचारून पाहिलं. ते काढायला घरचे तयार नव्हते, समाजात तोंड दाखवायचं होतं. संयोगितानं तिला बाजूला घेतलं. "पवित्राताई, विचार करा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. सही केलीत तर लवकर सुटाल. नाही केलीत तर वर्षानुवर्षं लांबेल."

"लांबू दे की, मॅडम. माजा गैरसमज झालाच न्हवता. मला सगळं बरोबर समजलं, म्हणून तर निगाले."

संयोगितानं पेन काढलं आणि त्या ओळीवर काट मारली. मसुदा तसाच परत गेला. पुढची तारीख पडली. पवित्रानं ती कारकुनाला दोनदा विचारून घेतली आणि दुसऱ्या पाळीला वेळेत पोचायचं म्हणून चौकात येऊन रिक्षाला हात केला.